पेडल मऊ लागतंय, साहेब

या मराठी पानावर बहुतेक वेळा कविता येतात, नाहीतर सुट्टीत गावी गेल्याच्या आठवणी. संपादक मास्तरांनी मला विचारलं तेव्हा मी म्हटलं, मला कविता येत नाही, ब्रेक येतात. ते म्हणाले, मग ब्रेकवर लिहा. म्हणून हा धडा. ऑटोमोबाइल क्लबच्या कॅडेट्सना यातलं निम्मं वर्कशॉपमध्ये तोंडी सांगून झालेलं आहे. बाकीच्यांनी आणि घरी गाडी असलेल्या पालकांनीही वाचावं, कारण गॅरेजमधून ब्रेकचं काम करून आणलेली गाडी तुम्हीच चालवणार असता.

गोष्ट मागच्या महिन्यातल्या एका शनिवारची. आपल्या शेडमधली जुनी जिप्सी तुम्हाला माहीत आहे. तिला पुढे डिस्क ब्रेक आहेत आणि मागे ड्रम. अकरावीच्या चार कॅडेट्सनी माझ्या देखरेखीखाली तिच्या ब्रेकचं पूर्ण काम केलं: पुढचे दोन्ही कॅलिपर उतरवून धुतले, नवं रबर किट टाकलं, नवे पॅड बसवले आणि मागे नवे ब्रेक शू लावले. शेवटी नवं ब्रेक ऑइल भरून मागून पुढे अशा क्रमानं चारही चाकांची हवा काढली. संध्याकाळी एक जण सीटवर बसला, पेडल दाबलं आणि म्हणाला, "साहेब, पेडल मऊ लागतंय."

मी बसून पाहिलं. पहिल्या दाबाला पेडल अर्ध्याहून खाली गेलं. लगेच दुसऱ्यांदा दाबलं तर थोडं वर आलं, पण पायाखाली स्पंज ठेवल्यासारखं. तिसऱ्यांदाही तसंच.

रविवारी सकाळी हीच जिप्सी खाली स्टेशनवर जायची होती. काही पालक रात्रीच्या गाडीने येणार होते. आपला रस्ता तुम्हाला ठाऊक आहे: शाळेच्या फाटकापासून खालच्या बाजारापर्यंत सगळा उतार, आणि एका बाजूला दरी. गाड्यांचं वेळापत्रक सांभाळणाऱ्यांनी विचारलं, "दोन पंप मारले की लागतो ना ब्रेक? मग जाऊ द्या, सोमवारी बघा." मी नाही म्हटलं. भाड्याची गाडी मागवावी लागली, खर्च झाला, थोडी नाराजीही झाली. मी इतका अडून का बसलो, हे सांगायला मला थोडं मागे जावं लागेल.

मी सिकंदराबादला ट्रेनिंग घेऊन ईएमईमध्ये व्हेइकल मेकॅनिक झालो आणि पहिल्याच पोस्टिंगवर डोंगरी भागात गेलो. वर्ष 1991. तेव्हा जबलपूरला बनलेली वन-टन गाडी युनिटमध्ये असायची, चारही चाकांना ड्रम ब्रेक. एका वन-टनच्या मागच्या चाकाचा व्हील सिलिंडर गळत होता. दुसऱ्या दिवशी पहाटे कॉन्व्हॉय निघणार होता. मी रात्री टॉर्चच्या उजेडात सिलिंडर बदलला आणि हवा काढायला लागलो. हवा काढता काढता वरच्या टाकीतलं ऑइल कधी संपलं ते मला कळलं नाही. मास्टर सिलिंडरने हवा ओढली. मी टाकी पुन्हा भरली, त्याच एका चाकाची आणखी थोडी हवा काढली आणि थांबलो. पेडल मऊ होतं. ड्रायव्हर म्हणाला, "उस्ताद, दोन पंप में लग जाता है, चलेगा." मी जॉब कार्डावर सही केली.

लांब उतारावर त्याचे दोन पंप तीन झाले, मग पाच, मग काहीच नाही. तो चांगला ड्रायव्हर होता. त्याने गिअर खाली टाकला आणि गाडी डोंगराच्या बाजूला घासत नेऊन थांबवली. त्याचं गळपट्टीचं हाड मोडलं. मागे बसलेल्या दोघांना खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. चौकशीत ते जॉब कार्ड टेबलावर ठेवलं होतं आणि त्यावर माझी सही होती, माझ्याच सुवाच्य अक्षरात. त्यानंतर मला जी शिक्षा झाली ती झाली. हॉस्पिटलमध्ये मी त्याला भेटायला गेलो तर तोच मला म्हणाला, "मैंने ही तो बोला था, चलेगा." ते मला शिक्षेपेक्षा जास्त लागलं.

आता धडा.

पेडल "मऊ" म्हणजे नेमकं कसं?

गॅरेजमध्ये सगळ्याच तक्रारींना "ब्रेक कमी लागतो" म्हणतात. पण पायाला तीन वेगळ्या गोष्टी जाणवतात आणि तिन्हींची कारणं वेगळी आहेत. ती ओळखायला पाना लागत नाही, फक्त शांतपणे बसून पेडल दाबायचं.

पहिला प्रकार: पेडल खूप खाली जातं, पण जिथे लागतं तिथे दगडासारखं कडक लागतं. भराभर दोनदा दाबलं की वर येतं आणि तिथेही कडकच असतं. यात ऑइल ठीक आहे. शू आणि ड्रममधलं अंतर जास्त आहे, म्हणजे ॲडजस्टमेंट राहिली आहे. डिस्कच्या गाडीत चाकाचं बेअरिंग ढिलं असेल किंवा डिस्क वाकडी असेल, तर ती पॅडला मागे ढकलते आणि पहिला दाब असाच रिकामा जातो.

दुसरा प्रकार: पेडल स्प्रिंगसारखं लागतं. दाबत गेलं की हळूहळू जड होतं, पण "इथे लागला" असा ठाम बिंदू सापडत नाही. पंप केलं तर वर येतं, पण लवचीकपणा जात नाही. इथे पहिला संशय हवेवर.

तिसरा प्रकार सगळ्यात वाईट. पेडल चांगलं कडक लागतं, पण पाय तसाच दाबून ठेवला की अर्ध्या मिनिटात हळूहळू खाली बसत जातं. म्हणजे दाब कुठेतरी निसटतो आहे. चारही चाकांशी आणि पाइपांच्या जोडांशी ओल दिसली तर बाहेर गळतंय. कुठेच ओल नसेल तर मास्टर सिलिंडरच्या आतलं रबर ऑइल मागे सोडतंय. हा प्रकार दिसला तर गाडी एक फूटही हलवायची नाही.

इथे एक गफलत नेहमी होते. इंजिन बंद असताना पेडल पंप करून कडक केलं, पाय दाबून ठेवला आणि इंजिन सुरू केलं, तर पेडल थोडं खाली जातं आणि थांबतं. ते बूस्टरचं काम आहे. इंजिनच्या व्हॅक्यूमवर चालणारा बूस्टर तुमच्या पायाला मदत करू लागला, एवढाच त्याचा अर्थ. तसं झालं नाही तर उलट बूस्टर तपासावा लागतो. आणि डोंगरात असल्यामुळे हेही सांगतो, की बूस्टरची मदत बाहेरच्या हवेच्या दाबावर अवलंबून असते. साडेतीन हजार मीटर उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे दोन तृतीयांश उरतो, म्हणून वर पेडल जड लागतं. जड लागतं, मऊ नाही. उंचीमुळे पेडल मऊ झालं असं कोणी सांगितलं तर ऐकू नका.

एवढीशी हवा, तिने काय होतं?

नववीत पास्कलचा नियम शिकताना अनेकांना झोप येते हे मी खिडकीतून पाहिलेलं आहे. तोच नियम इथे पायाखाली आहे. हिशेबाला सोपे आकडे घेऊ आणि बूस्टरची मदत सध्या बाजूला ठेवू.

तुम्ही पेडलवर 20 किलोचा जोर दिला. पेडल ही तरफ आहे, ती तो जोर समजा चौपट करते. म्हणजे मास्टर सिलिंडरच्या पिस्टनवर 80 किलो. हा पिस्टन 20 मिलिमीटर व्यासाचा असेल तर त्याचं क्षेत्रफळ 3.14 चौरस सेंटिमीटर, म्हणजे ऑइलमध्ये प्रत्येक चौरस सेंटिमीटरला साधारण 25 किलोचा दाब. कॅलिपरचा पिस्टन 50 मिलिमीटरचा असेल तर त्याचं क्षेत्रफळ सव्वासहापट, म्हणून पॅडवर 500 किलोचा जोर. वीसाचे पाचशे झाले. पण फुकट काही मिळत नाही. जोर वाढला तेवढं अंतर घटलं. पेडल 100 मिलिमीटर खाली गेलं तर मास्टरचा पिस्टन फक्त 25 मिलिमीटर सरकतो आणि तो ढकलतो किती ऑइल? 7.85 घन सेंटिमीटर. चहाचे साधारण दीड चमचे.

सगळ्या गाडीचा ब्रेक त्या दीड चमच्यावर आहे, हे आधी मनात बसू द्या. ऑइल दाबून लहान होत नाही असं आपण व्यवहारात धरतो. हवा होते. आता पाइपात कुठेतरी 3 घन सेंटिमीटर हवा अडकली आहे असं समजा. 25 किलोच्या दाबाखाली, बॉइलच्या नियमाप्रमाणे, ती साधारण सव्विसाव्या हिश्श्याला येते, म्हणजे जवळजवळ नाहीशीच होते. तिची रिकामी झालेली 2.9 घन सेंटिमीटर जागा भरायला तेवढं ऑइल जातं. ढकललेल्या ऑइलचा एक तृतीयांशाहून जास्त भाग नुसती हवा दाबण्यात गेला. पेडलच्या भाषेत, शंभरातले सदतीस मिलिमीटर वाया.

आणि ही हवा सुरुवातीलाच सगळ्यात जास्त चेपते. दाब दोन किलोवर पोचेपर्यंतच तिचे दोन हिस्से गेलेले असतात. म्हणून पेडल आधी लोण्यासारखं जातं आणि मग जड होत येतं. ज्यांना वर्गात आलेख काढायचा कंटाळा येतो त्यांनी या हवेचा आलेख काढावा. पायाला जे जाणवतं ते कागदावर दिसेल. खऱ्या गाडीत मास्टर सिलिंडरचे दोन कप्पे असतात, जिप्सीसारख्या गाडीत एक पुढच्या चाकांचा आणि एक मागच्या, त्यामुळे हिशेब थोडा बदलतो. अर्थ बदलत नाही.

मग जिप्सीत काय सापडलं?

रविवारी नाश्त्यानंतर चौघांना बोलावलं. पहिला नियम असा, की संशय आला म्हणून लगेच पुन्हा हवा काढायला बसायचं नाही. लोक लिटरभर ऑइल वाया घालवतात आणि दोष तिथेच राहतो. आधी दोष कोणत्या बाजूला आहे ते शोधायचं.

मागचे शू नवे होते, म्हणून आधी मागची ॲडजस्टमेंट पाहिली. चाकांना ठोकळे लावले, मागचा भाग जॅकने उचलून स्टँडवर घेतला (जॅकवरच्या गाडीखाली हातसुद्धा घालायचा नाही, हे सगळ्यांना पाठ आहे), हँडब्रेक सोडला आणि चाक हाताने फिरवत शू बाहेर आणले. चाक फिरताना हलकी घासणी ऐकू आली पाहिजे, पण ते अडता कामा नये. दोन्ही बाजूंना जागा राहिली होती. ती घेतल्यावर पेडल दोन बोटं वर आलं. एका कॅडेटने टाळी वाजवली. पण स्पंज तसाच होता. म्हणजे दोष दोन होते आणि आम्ही सोपा काढला होता. दोन दोष एकत्र असले की माणूस पहिला काढून खुश होतो. मीही अनेकदा झालेलो आहे.

आता रबरी होज पाइप दाबून पाहायची पाळी. जिप्सीला असे तीन आहेत: पुढच्या दोन चाकांना एकेक आणि मागच्या ॲक्सलला एक. होजसाठी गोल जबड्याचा खास चिमटा मिळतो, तोच वापरायचा. ग्रिप प्लायरने दाबलात तर आतलं रबर फाटेल आणि नवाच दोष तयार होईल. तिन्ही होज चिमट्याने बंद केले आणि पेडल दाबलं. दगड! म्हणजे मास्टर सिलिंडर निर्दोष. तिन्ही बंद असूनही पेडल मऊ राहिलं असतं, तर हवा किंवा बिघाड मास्टरमध्ये आहे असं समजलं असतं. (मास्टर सिलिंडर नवा बसवलात तर त्यातली हवा आधी टेबलावरच, व्हाइसमध्ये धरून काढतात. ते विसरलं की चार चाकांशी तासभर झगडूनही पेडल येत नाही.)

मग मागचा चिमटा काढला. पेडल जेमतेम हललं. डावा पुढचा काढला, पेडल इंचभर खाली गेलं. तो पुन्हा लावून उजवा काढला, तिथेही इंचभर. दोन्ही पुढची चाकं, सारखाच दोष. हे ऐकून तुमच्या डोक्यात घंटा वाजली पाहिजे. एका चाकात हवा राहिली तर तो निष्काळजीपणा. दोन्हींत सारखीच राहिली तर काहीतरी बसवतानाच चुकलं आहे.

एकाला पेडलवर बसवून डाव्या कॅलिपरची हवा पुन्हा काढली. पारदर्शक नळी, बाटलीत तळाशी थोडं ऑइल, नळीचं टोक त्यात बुडालेलं. "दाब." "दाबलं." निपल पाव फेरा सैल. "खाली गेलं." निपल बंद. "सोड." निपल बंद होण्याआधी पाय सुटला तर बाहेरची हवा आत ओढली जाते, म्हणून बोलल्याशिवाय कोणी काही करायचं नाही. दहा वेळा केलं. एकही बुडबुडा नाही, स्वच्छ ऑइल. आणि पेडल मऊच.

मी एकाला टॉर्च देऊन चाकाच्या आत नीट बघायला सांगितलं आणि विचारलं, "हवा कुठे जाते? वर की खाली?" "वर, साहेब." "आणि निपल कुठे आहे?"

बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "खाली आहे, साहेब."

कॅलिपर डाव्याचा उजवीकडे आणि उजव्याचा डावीकडे बसला होता. बोल्ट बसतात, पॅड बसतात, होजला जरा पीळ पडतो पण तोही बसतो. फरक एवढाच की निपल पिस्टनच्या वर असायचं ते खाली गेलं. आता कितीही वेळा हवा काढा, खालून ऑइल निघत राहणार आणि हवा वर छपराला चिकटून बसणार. पाण्याची बाटली आडवी धरून खालच्या बाजूला भोक पाडलं तर पाणी गळेल, वरची हवा तिथेच राहील, तसंच हे. ही चूक नव्या मुलांचीच असते असं नाही, वीस वर्षं काम केलेल्यांनाही मी यात अडकलेलं पाहिलंय.

चौघांत शांतता होती. मग एक जण पुढे आला. "साहेब, दोन्ही कॅलिपर मी धुवून एकाच ट्रेमध्ये ठेवले होते. खूण केली नव्हती." त्याला कोणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, ठीक आहे, पाना घे. आणि त्याच वेळी हेही सांगितलं, की शनिवारी बोल्टची घट्टी मी स्वतः तपासली होती, होजला पडलेला पीळ मला दिसला होता, आणि मी तो बघून पुढे गेलो होतो. चूक एका ट्रेची नव्हती.

कॅलिपर खाली उतरवून, निपल वर येईल असं धरून, पॅडच्या मध्ये लाकूड घालून हवा काढता आली असती. काही जण तसं करून तसेच परत बसवतात. आम्ही ते केलं नाही. होज सोडले, दोन्ही कॅलिपर आपापल्या बाजूला आणले आणि जोडाला नवे तांब्याचे वॉशर टाकले, कारण जुने एकदा चेपले की पुन्हा नीट बसत नाहीत. मग सगळी हवा नव्याने काढली. साधारण नियम असा, की मास्टरपासून सगळ्यात लांबचं चाक आधी. आपल्या उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत मास्टर उजवीकडे असतो, म्हणून मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. पण पुढच्या चाकांवर चालणाऱ्या अनेक लहान गाड्यांत एक पुढचं चाक आणि तिरकं समोरचं मागचं अशी जोडी असते, तिथे क्रम वेगळा असू शकतो. मॅन्युअल बघा. मागच्या ॲक्सलजवळ भारानुसार दाब कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह असेल आणि त्याला निपल असेल, तर तेही राहू देऊ नका.

दर पाच-सहा दाबांनंतर एक जण टाकीतलं ऑइल बघत होता. त्याचं काम फक्त तेवढंच होतं. 1991 मध्ये माझ्याजवळ तो माणूस नव्हता.

आणखी एक. जुन्या मास्टर सिलिंडरच्या गाडीत हवा काढताना पेडल पार तळाला आदळू देऊ नये. रोजच्या वापरात पिस्टन जिथे कधी जात नाही, तिथे सिलिंडरच्या भिंतीवर गंज आणि खरखर साठलेली असते. रबर तिथे गेलं की कापलं जातं, आणि हवेचा दोष काढता काढता तिसऱ्या प्रकारचा दोष तुम्ही स्वतः तयार करता. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवला की झालं.

ऑइलबद्दल

आपण ब्रेक ऑइल म्हणतो, पण ते इंजिन ऑइलसारखं तेल नाही. डॉट 3, डॉट 4 आणि डॉट 5.1 ही ग्लायकोल जातीची आहेत. डॉट 5 मात्र सिलिकोनचं. नंबर जवळचे म्हणून 5 आणि 5.1 एकमेकांत मिसळायचं नाही. ब्रेकच्या भागांना डिझेल, रॉकेल, ग्रीस किंवा इंजिन ऑइल लागता कामा नये, त्याने रबर फुगतं. कॅलिपर आणि सिलिंडरचे आतले भाग ताज्या ब्रेक ऑइलने किंवा स्पिरिटने धुतात. रंगावर सांडलं तर लगेच पाणी ओता, डोळ्यांत उडालं तर भरपूर पाण्याने धुऊन एमआय रूमला जा.

ग्लायकोल हवेतला ओलावा शोषतं. ताज्या डॉट 3 चा उत्कलनबिंदू किमान 205 अंश सेल्सियस असावा लागतो. त्यात 3.7 टक्के पाणी मिसळलं की मर्यादा 140 वर येते. डॉट 4 चे आकडे 230 आणि 155. लांब उतारावर ब्रेक सतत दाबून धरला तर कॅलिपरजवळचं ऑइल तापून उकळतं, वाफ होते आणि वाफ हवेसारखीच चेपते. वर चांगलं असलेलं पेडल खाली बाजाराशी पोचेपर्यंत तळाला जातं. थंड झालं की पुन्हा ठीक! म्हणून गॅरेजवाल्याला दोष सापडत नाही. त्या वन-टनमध्ये दोन्ही होतं, मी सोडलेली हवा आणि वर्षानुवर्षं न बदललेलं, चहाच्या रंगाचं ऑइल. हे मला नंतर कळलं.

पालकांसाठी थोडं

नवे पॅड टाकताना कॅलिपरचा पिस्टन मागे ढकलावा लागतो. त्यानंतरचा पहिला दाब तळापर्यंत जातोच. म्हणून गॅरेजमधून गाडी घेताना, ती जागची हलवण्याआधी पेडल चार-पाच वेळा दाबा आणि कडक झाल्याशिवाय गिअर टाकू नका. भिंतीसमोर उभी केलेली गाडी नेमकी या कारणाने भिंतीवर जाते. नवे पॅड बसेपर्यंत थोडे दिवस पेडल किंचित नरम वाटू शकतं, पण ते दिवसेंदिवस सुधारलं पाहिजे. जुने होज दाबाखाली फुगतात. एकाने पेडल दाबावं आणि दुसऱ्याने होजवर हात ठेवावा, कळतं. एबीएसच्या गाडीत त्याच्या युनिटमध्ये हवा शिरली तर पुष्कळदा कंपनीचं स्कॅनर लावून पंप चालवल्याशिवाय ती निघत नाही, तिथे घरगुती प्रयत्न सोडून द्या. आणि "चालवत राहा, आपोआप हवा निघेल" असं कोणी म्हणालं, तर गाडी तिथेच ठेवून रिक्षाने घरी या.

रविवारी दुपारी साडेतीनला जिप्सीचं पेडल आलं. इंजिन बंद ठेवून दाबलं, कडक. अर्धा मिनिट धरलं, बसलं नाही. इंजिन सुरू केलं, किंचित खाली जाऊन थांबलं. चारही चाकांशी कोरडा कागद फिरवला, डाग नाही. मग परेड ग्राउंडवर आधी चालण्याच्या वेगाने, नंतर थोड्या जास्त, सात-आठ वेळा ब्रेक मारले आणि पुन्हा चाकांशी कागद फिरवला. शेवटी फाटकाजवळच्या छोट्या उतारावर मी स्वतः चालवली, मुलांना बाहेर ठेवून.

जॉब कार्ड मी त्याच कॅडेटला लिहायला दिलं. कामाच्या रकान्यात त्याने लिहिलं: "डावा-उजवा कॅलिपर अदलाबदल झाला होता. दुरुस्त केला. दोन्ही निपल वर आहेत, पाहिले." त्याने सही केली, मग पुन्हा जाऊन टॉर्चने बघून आला, आणि मगच कार्ड माझ्याकडे दिलं. मी खाली सही केली. सोमवारी सकाळी सहाला जिप्सी स्टेशनवर गेली.